डोकं फुटतं म्हणजे नेमकं काय फुटतं?

पांढुर्ण्याच्या माणसाला रक्ताचं नवल नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळस उभा करतात, त्यावर झेंडा, अल्याड पांढुर्णा, पल्याड सावरगाव आणि मधून दिवसभर गोटे. गोटमार मी लहानपणापासून बघत आलेय, डोकं फुटलेली माणसंही. चेहरा, बनियन, सगळं लालभडक. वाटावं, हा काही आता जगत नाही. आणि तोच माणूस डोक्याला दुपट्टा आवळून पुन्हा पात्रात! हे कसं जमतं, याचं उत्तर मला छिंदवाड्याच्या मेडिकल कॉलेजात, डिसेक्शन हॉलमध्ये मिळालं. तेव्हापासून भेटेल त्याला मी तेच सांगत सुटलेय.

डोक्याच्या कातडीला पाच थर असतात. दुसऱ्या थरात रक्तवाहिन्या, आणि त्या तिथल्या चिवट तंतूंना घट्ट चिकटलेल्या. हातापायाला कापलं तर तुटलेली रक्तवाहिनी आक्रसून आत जाते, रक्त थांबायला मदत होते. डोक्यावर मात्र हे तंतू तिला आक्रसू देत नाहीत, तिचं तोंड उघडंच राहतं. म्हणून नखाएवढ्या जखमेतून एवढं रक्त! पण खाली लगेच कवटीचं हाड आहे, त्यामुळे वरून दाबून धरलं की बहुतेक वेळा वाहणं थांबतं. दुपट्टा! गावाला हे कुणी शिकवलं असेल?

आणि गंमत पुढेच आहे. चौथा थर एकदम सैल. तिथे साचलेलं रक्त मागे किंवा बाजूंना फार सरकत नाही, कारण तिकडे वरचा थर हाडाशी जोडलेला असतो. कपाळाचा स्नायू मात्र हाडाला बांधलेलाच नाही, तो कातडीत मिसळून जातो. मग रक्त वाट मिळेल तसं पुढे, थेट पापण्यांत उतरतं. गोटा बसतो टाळूवर आणि एक-दोन दिवसांनी काळेनिळे होतात डोळे! हे वाचलं तेव्हा मी लायब्ररीत मोठ्यानं “अरे!” म्हणाले. सगळ्यांनी वळून बघितलं. बघू देत.

खरी भीती वेगळ्याच जागेची. कानशिलावर, गालाच्या हाडाच्या कमानीपासून साधारण चार सेंटिमीटर वर, कवटीची चार हाडं एकत्र येतात. त्या जागेला टेरिऑन म्हणतात. हाड तिथे पातळ, आणि त्याच्या आतल्या अंगाला मेंदूच्या आवरणाची धमनी. तिथे मार बसून ती फुटली तर बाहेर एक थेंबही न दिसता आत रक्त साचत जातं. माणूस उठतो, बोलतो, चहा पितो, आणि काही तासांनी बेशुद्ध पडतो. यापुढे गोटमारीत भळाभळा वाहणाऱ्याइतकीच “मला काही नाही झालं” म्हणत कानशील चोळणाऱ्याचीही मला धास्ती वाटणार.

हॉलबद्दल सगळेच विचारतात. फॉर्मेलिननं डोळे चुरचुरतात, डब्यातल्या पोळीलाही तोच वास येतो असं वाटतं, आणि हो, पहिल्या दिवशी पाय जड होतात. देहदान करणाऱ्या माणसापुढे उभं राहून आम्ही शपथ घेतो. नंतर हातात चिमटा येतो आणि भीतीला वेळच उरत नाही. घरी मराठी, शाळेत हिंदी आणि आता पुढ्यात इंग्रजी नावांचा ढीग. 2022 च्या ऑक्टोबरमध्ये भोपाळला पहिल्या वर्षाची हिंदी पुस्तकंही निघाली, त्यांचा आधार होतोच. पण उशाशी असतो तो चौरसिया. ज्यांच्या पुस्तकावर अख्ख्या देशातले विद्यार्थी अ‍ॅनाटॉमी घोकतात ते बी. डी. चौरसिया आपल्याच राज्यातले, ग्वाल्हेरच्या कॉलेजात शिकवायचे!

त्या ढिगातही अशी काही नावं येतात की झोप उडते. स्वरयंत्राला जाणारी डावी नस घ्या. ती निघते मेंदूकडून, जायचं असतं गळ्यात. सरळ जावं ना? नाही! गळा ओलांडून ती छातीत उतरते, हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या कमानीखालून वळसा घेते आणि पुन्हा वर गळ्यापर्यंत येते. जिराफातही हाच वळसा, तिथे तर तो काही मीटरचा. कारण ऐकाल तर थक्क व्हाल. गर्भात हृदय सुरुवातीला मानेजवळ असतं, ते पुढे खाली सरकतं आणि धमनीखाली अडकलेली नस आपल्याबरोबर ओढत नेतं. म्हणून तर आठवडेच्या आठवडे आवाज बसलेल्या माणसाची डॉक्टर छातीही तपासतात. मी स्वतःच्या मानेवर बोट ठेवून बोलत बसले. रूममेटला वाटलं पाठांतर चाललंय.

इतकं सगळं डोळ्यांना दिसणारं. मग प्रॅक्टिकलला बोटाला सुई टोचून काचेवर रक्ताचा थेंब पसरवला, लीशमन स्टेन घातला, तेलाचा थेंब टाकून मोठी लेन्स लावली आणि फोकसचा स्क्रू हळूहळू फिरवला. धुरकट गुलाबी, धुरकट गुलाबी, आणि एकदम गोल चकत्या! मधोमध फिक्या. माझ्या! सात-आठ मायक्रॉनची एकेक लाल पेशी. तिच्याहून अरुंद केशवाहिनीतून ती अंग मुडपून पार होते. जास्त हिमोग्लोबिन मावावं म्हणून तिनं स्वतःचं केंद्रकच टाकून दिलेलं असतं, त्यामुळे आयुष्य साधारण 120 दिवसांचं. आणि ही झीज भरून काढायला हाडांतला मगज दर सेकंदाला वीस लाखांवर नव्या पेशी तयार करतो. हे वाक्य वाचेपर्यंत तुमच्या एक कोटी झाल्या.

आमच्या भागात या चकतीला एक दुखरी बाजू आहे. सिकलसेल हे नाव आमच्याकडे गावोगावी माहीत आहे. थंडी पडली की हातपाय धरून रडणारं एखादं पोर शाळेत असायचंच. हिमोग्लोबिनमधली बीटा साखळी म्हणजे 146 मण्यांची माळ, आणि त्यातला फक्त सहावा मणी बदललेला: ग्लुटामिक अ‍ॅसिडच्या जागी व्हॅलिन. बस्स! ऑक्सिजन कमी झाला की अशा हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून दांड्या होतात, पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक वाहिन्यांत अडकते, आणि पुढे हाडं ठणकतात. पेशी टिकते ती जेमतेम दहा-वीस दिवस. 1949 मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी हा रेणूचा आजार असल्याचं दाखवलं. सिकलसेलची राष्ट्रीय मोहीम 1 जुलै 2023 ला सुरू झाली, तीही आपल्याच शहडोलमधून. आईकडून एक आणि वडिलांकडून एक असे दोन्ही बदललेले जनुक आले तरच हा आजार होतो. एकच आला तर माणूस फक्त वाहक, आणि त्याला गंभीर मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं! लग्न ठरवताना पत्रिकेबरोबर रक्ताचा रिपोर्टही बघा, हे मी आता आत्या-मावश्यांना उघड सांगते. त्या ऐकतात की हसतात, कळत नाही.

सिल्लेवानीचा घाट उतरून सुट्टीत सौंसरला आजीकडे गेले, ती आईची आई. तिच्यासाठी मी मायटोकॉन्ड्रिया राखून ठेवला होता. पेशीला ऊर्जा देणारा हा कण, त्याचा स्वतःचा वेगळा डीएनए, 37 जनुकांचा, आणि तो आपल्याला आईकडूनच मिळतो! वडिलांकडून आलेले मायटोकॉन्ड्रिया गर्भ अगदी सुरुवातीलाच मोडून टाकतो. म्हणजे आजीचे आईला, आईचे मला, आणि आजीला तिच्या आईचे. ती संत्री निवडत ऐकत होती.

“मेलेल्या माणसाले हात लावून हे शिकून राह्यली का वं तू?”

“हो आजी.”

“मंग माह्ये गुडघे बी तुले आले असन.”

गुडघ्यांचं उत्तर माझ्याकडे अजून नाही. पायाचं डिसेक्शन पुढच्या महिन्यात आहे.