गाडीला मंद म्हणू नकोस

चि. सौ. कां. माधवीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र परवा पोचले. ऑटोक्रॉसच्या पहिल्याच शर्यतीत शंकू पाडलेस, एकदा गाडी गरकन फिरवलीस आणि नवशिक्यांच्या वर्गात अगदी तळाशी आलीस, याचे मला तिळमात्र वाईट वाटले नाही. उलट तेवढा मजकूर काकूला दोनदा वाचून दाखवला. परंतु पत्राच्या अखेरीस, टायरमध्ये हवा किती भरावी हे विचारता विचारता, ‘गाडी फारच मंद आहे, हिवाळ्यात तिचे इंजिन काढून १२७५ सीसीचे बसवीन म्हणते’ असे जे वाक्य तू सहज लिहून गेलीस, त्याने माझी झोप उडाली.

हवेचे आधी उरकतो. टायरच्या कडेवर, नक्षी संपून बगल सुरू होते तिथे, पांढऱ्या बूटपॉलिशचे पट्टे ओढ, एक फेरी मारून ये आणि वाकून पाहा. पॉलिश बगलेवरूनही घासले गेले असेल तर हवा कमी आहे. नक्षीच्या कडेलादेखील पांढरे शाबूत असेल तर जास्त. आकडा टायर सांगतो, त्यासाठी काकाकडे अर्ज करण्याचे प्रयोजन नाही.

आता मूळ मामला. १९५८ साली डोनाल्ड हीली यांची ही स्प्राइट ॲबिंग्डनच्या कारखान्यातून बाहेर पडली, तेव्हा बेतास बात मिळकतीच्या माणसाला परवडेल अशी खेळकर गाडी द्यावी एवढाच तिच्या जन्मदात्यांचा हेतू होता. म्हणून इंजिन ऑस्टिन ए-३५ चे घेतले, स्टिअरिंग मॉरिस मायनरचे, बाहेरून दाराला मूठ नाही, मागे डिकीला झाकण नाही, आणि ९४८ सीसीतून ४३ अश्वशक्ती. हा आकडा ऐकून तुझ्या क्लबातली तरुण मंडळी हसली असतील, खुशाल हसोत. ज्या गाडीत शक्तीचा साठा मुबलक असतो, तीत वळणावर वाया घालवलेला वेग पायाच्या एका दाबाने परत मिळतो, आणि आपण काय गमावले याचा चालकाला पत्ताही लागत नाही. ४३ अश्वशक्तीची गाडी मात्र अशी उधारी मंजूर करीत नाही, ब्रेक उगाच दाबलास तर त्याचा दंड पुढच्या तीन वळणांपर्यंत वसूल करते. हीच तालीम. मी तर म्हणतो, गाडी चालवण्याचा परवानाच मुळी दोन वर्षे अशा गाडीत घालवल्याखेरीज कोणाला देऊ नये, आणि हे सरकारात ऐकणारे कोणी असते तर आज हमरस्त्यांवर जो उच्छाद चालला आहे तो निम्म्याने तरी कमी झाला असता. (काकू म्हणते, हे वाक्य गाळ. गाळणार नाही.)

माझी पहिली शर्यत याच गाडीत झाली, हे तुला ठाऊक आहे. पण त्या सकाळी दादांनी, म्हणजे तुझ्या बाबांनी, मला धावपट्टीवर पायी किती फिरवले, ते त्यांनी कधी सांगितले नसेल. जुन्या विमानतळाचे काँक्रीट, सांध्यांतून उगवलेले गवत, प्रत्येक शंकूच्या बुडाशी खडूने आखलेली चौकट, आणि कोणत्या बाजूने जायचे ते दाखवणारा एक शंकू आडवा निजवलेला. दादा दर वळणावर थांबून, उकिडवे बसून पाहत, कारण गाडीत बसल्यावर डोळे तेवढ्याच उंचीवर येतात आणि उभ्याने जो मार्ग स्वच्छ दिसतो तो तिथून नारिंगी शंकूंचे निव्वळ रान होतो. मग शिरस्त्राणाचा पट्टा आवळला, स्टार्टरची खुंटी ओढली, आणि एकदा दुसरा गिअर पडल्यावर तो अखेरपर्यंत बदलला नाही. पहिल्याला सिंक्रोमेश नाही, चालत्या गाडीत तो घालू गेले तर दाते कुरकुरतात. तू पायी फिरलीस का? पत्रात त्याचा उल्लेख नाही, म्हणजे फिरली नाहीस. दोन सेकंदांचा दंड तुला शंकूगणिक झाला, तो इंजिनामुळे नव्हे.

गाडी गरकन फिरली तीही तिच्या मंदपणामुळे नव्हे, बाई! तिच्या मागच्या स्प्रिंगा पाव-लंबवर्तुळी आहेत. अंग कलले की मागचा आस स्वतःच किंचित वळतो, आणि नेमक्या त्या क्षणी घाबरून ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की शेपूट पुढे यायला निघते. पाय स्थिर ठेव, थोडा दाबूनच ठेव.

परंतु हे लिहिता लिहिता मन दुसरीकडेच जाते. त्या गाडीचा स्टिअरिंगचा दांडा अखंड लोखंडी आहे, आजच्या गाड्यांसारखा आदळताच दुमडणारा नाही, आणि तो थेट छातीकडे रोखलेला आहे. चारी चाकांना ड्रमचे ब्रेक, आणि त्यांचे तेल एकाच वाटेने जाते. एक रबरी नळी फुटली की पेडल जमिनीला टेकले. तू १२७५ चे इंजिन घालशील आणि ब्रेक तेच ठेवशील, हे मला स्वच्छ दिसते आहे. शिवाय तुझी पाळी संपल्यावर शंकू उचलायला उभी राहतेस, तेव्हा येणाऱ्या गाडीकडे पाठ करीत नाहीस ना?

तेव्हा ताकीद अशी की, पुढच्या शर्यतीआधी ब्रेकच्या सगळ्या नळ्या नव्या घालून घे, बॅटरीचा पट्टा आणि बॉनेटची कडी स्वतः हलवून पाहा. तिथला तपासनीस पाहतो म्हणून आपण पाहायचे नाही, असे करू नकोस. त्या गाडीचे नाक अख्खेच्या अख्खे वर उचलले जाते, विसरू नकोस. इंजिनाविषयीचा निर्णय मला विचारल्यावाचून घ्यायचा नाही. वहिनींना मी यातले काही कळवलेले नाही. तू कळवणार असशील तर आधी मला त्याची नक्कल धाड, म्हणजे आपल्या दोघांच्या जबान्यांत तफावत राहणार नाही.

तुझा,
अण्णाकाका