शेपटीचं ओझं

पतंग उडेना की आपण वाऱ्याला दोष देतो. विमान उडेना की इंजिनाला. बहुधा दोघेही निर्दोष असतात!

कागलच्या माळावर माझ्या पुतण्याचं रेडिओवर चालणारं लहानसं जेट दोनदा उधळलं. नाक आभाळाकडे, मग खाली, मग धूळ. वर्षभर शिकवण्या घेऊन पोरानं ते घेतलेलं. "काका, विकून टाकतो," म्हणाला.

मी जन्मभर तराजू धरलेला माणूस. म्हटलं, "आधी तोलून तर बघ!" पंखांखालच्या खुणांवर दोन बोटांनी उचललं, तर शेपूट खाली! नाक जड असलं तर विमान आळसतं, पण ऐकतं. शेपूट जड झालं की ऐकेनासं होतं. बॅटरी बोटभर पुढं सरकवली. नाक किंचित झुकलं. मग दांडी मागं ओढली. शेपटीची आडवी पट्टी वर उचलली गेली. म्हणजे हुकूम सुलटा पोचत होता.

राइट बंधूंचं विमानही १७ डिसेंबर १९०३ रोजी पहिल्या खेपेस असंच वरखाली हेलकावत १२ सेकंदांत १२० फूट गेलं होतं.

तिसऱ्या खेपेस जेट सरळ गेलं, वळलं, परत आलं. पुतण्या हसला. विकण्याची गोष्ट पुन्हा निघाली नाही.