हक्कसोडपत्र

परभणीच्या निबंधक कचेरीत भावांच्या मागे मुकाट उभ्या असलेल्या बहिणी मी पाहतो. हक्कसोडपत्रावर सही झाली की माहेरची साडीचोळी अबाधित, एवढाच तो व्यवहार. परंतु ज्या हक्कावर त्या पाणी सोडतात तो सहजी लाभलेला नव्हे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या हिंदू संहिता विधेयकाने मुलीला वारसा व पत्नीला घटस्फोट देऊ केला, तेव्हा राष्ट्रीय स्वयंसेवक संघाने डिसेंबर १९४९ मध्ये दिल्लीच्या रामलीला मैदानावर निषेधसभा भरविली. करपात्री महाराजांचे अनुयायी मोर्चे घेऊन निघाले. धर्म बुडेल, कुटुंब मोडेल, ही ओरड! माता म्हणून तिला पूजावे; सातबाऱ्यावर मात्र तिचे नाव नको. विधेयक रखडले, आणि १९५१ मध्ये बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडले. वारसा कायदा १९५६ मध्ये आला खरा, पण वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीचा वाटा देशभर मिळाला तो २००५ मध्ये.

वाचकहो, आपणही फार मिरवू नये. १८६९ च्या कायद्यान्वये ख्रिस्ती पतीला घटस्फोटासाठी पत्नीचा व्यभिचार पुरेसा होता. पत्नीला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रौर्य वा परित्यागासारखे कारणही सिद्ध करावे लागे. ती विषमता कायद्याच्या पुस्तकातून जायला २००१ साल उजाडले.