बाई, फट ठेवा की!

नाशिकला आमच्या परसात एक आगगाडी धावते. सेलवरची, प्लॅस्टिकच्या रुळांची!

एप्रिलमध्ये मी रूळ घट्ट जोडले, दोन्ही टोकं विटांत पक्की केली. दुपारच्या उन्हात रूळ वाकले नि गाडी उलटली. पाहायला आलेल्या माझ्या चौथीच्या मुलांपैकी एकजण पुटपुटला, "बाई, फट ठेवा की! उन्हात रूळ वाढतो." त्याचे बाबा रेल्वेत गँगमन. वर्गात हा कधी तोंड उघडत नसे. आणि उष्णतेने वस्तू प्रसरण पावते, हे फळ्यावर लिहिणारी मी!

जूनमध्ये माती वाहून गेली. त्याच्याच सांगण्यावरून खाली खडी घातली. पाणी झिरपलं, रूळ जागेवर राहिले. गाडी मात्र दिवाळीपर्यंत घरात. माथेरानची गाडीही पावसाळ्यात नेरळहून घाट चढत नाही.

थंडीत दवामुळे चाकं चढावर घसरू लागली. "कसारा घाटात मागून इंजिनं लावतात!" तो आता ओरडलाच. आम्ही मागे दुसरं इंजिन लावलं. गाडी चढली!

दुसऱ्या दिवशी प्रसरणाचा धडा त्यानेच शिकवला. मी मागच्या बाकावर बसले होते.