वाढीव हमी

गॅरंटी आणि वॉरंटी यांतला फरक मराठी माणसाला कधी नीट कळलेला नाही, आणि तो कळू नये अशीच दुकानदाराची इच्छा असते. गॅरंटी म्हटलं की आपल्याला वाटतं, वस्तू बिघडली तर नवी मिळणार. वॉरंटी म्हटलं की, बिघडली तर दुरुस्त होणार. आणि 'एक्स्टेंडेड वॉरंटी' म्हटलं की, बिघडो न बिघडो, पैसे आधी जाणार!

डॉ. रंगराजन समितीने १९८४ साली बँकांत संगणक आणायची शिफारस केली, तेव्हा आमच्या आधीच्या पिढीने नोकरीची हमी मागितली. संगणकाची हमी मागायचं कुणाला सुचलं नाही. ते काम माझ्यावर आलं. कन्या इंजिनिअरिंगला गेली आणि साठ हजारांचा लॅपटॉप घेणं भाग पडलं. त्यातले वीस हजार सौ.च्या भिशीचे, चाळीस माझ्या आरडीचे. म्हणजे दोन्ही सभागृहांची मंजुरी आवश्यक.

"काका, मशीन एकदम दणकट. पाच वर्षं बघायला नको," विक्रेता म्हणाला. बिल फाडायची वेळ आली तशी त्याचा चेहरा गंभीर झाला. "पण काका, दुसऱ्या वर्षी मदरबोर्ड गेला तर?" लग्न जमवताना मुलगा निर्व्यसनी, आणि हॉलचे पैसे भरल्यावर 'तसा अधूनमधून घेतो' असं सांगणाऱ्या मध्यस्थांच्याच जातकुळीतला हा प्राणी!

दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या हमीचे ६,००० रुपये. वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ७,०८०. "दिवसाला दहा रुपयेसुद्धा पडत नाहीत काका!" हिशेब बरोबर होता. ७३० दिवसांनी भागलं तर ९ रुपये ७० पैसे. पण मोठी रक्कम दिवसांनी भागून लहान करायची विद्या आम्हीही कर्जाच्या टेबलावर बसून रोज वापरतो. मी "उद्या सांगतो" म्हणून निघालो.

रात्री माझ्यातला बी.कॉम. जागा झाला. आयकराच्या नियमांत धंद्यातल्या संगणकावर घसारा वर्षाला ४० टक्के, तोही घटत्या किमतीवर. त्या न्यायाने साठ हजारांचे वर्षाअखेर ३६,०००, दुसऱ्या वर्षी २१,६०० आणि तिसऱ्या वर्षी १२,९६०. म्हणजे तेरा हजारांच्या ऐवजावर सात हजारांचा पहारेकरी! आणखी एक हिशेब केला. समजा मोठी दुरुस्ती वीस हजारांची. मग दर तीन संगणकांतला एक बिघडला तरी हमीचे पैसे पुरते वसूल होत नाहीत. इतके संगणक बिघडत असतील तर संगणकच घेऊ नये. बिघडत नसतील तर हमी घेऊ नये. मी विजयी मुद्रेने सौ.कडे पाहिलं.

"अहो, हा हिशेब तीन संगणकांचा झाला," ती भाकरी उलटत म्हणाली. "आपल्याकडे एकच आहे."

वाचकहो, याला बी.कॉम.च्या तिन्ही वर्षांत उत्तर नाही. सरासरी हजार घरांची असते, बिघाड मात्र एकाच घरी येतो. ऐन परीक्षेच्या महिन्यात वीस हजारांचा खर्च निघाला तर आमच्या घरी फीचा हप्ताच चुकायचा. विमा अशाच खर्चासाठी असतो. जो आपल्याला झेपतो त्यासाठी नव्हे.

मग मी हमीचा कागद वाचला. कागदाच्या दोन्ही बाजू वाचायची सवय मला बँकेने लावली आहे. चहा सांडला, तर नाही. खाली पडला, तर नाही. पडदा तडकला, तर नाही. बॅटरी मंदावली, तर ती झीज. आतली माहिती पुसली गेली, तर कंपनी जबाबदार नाही. माणसाच्या हातून संगणकाचं जे काही होऊ शकतं, ते सगळं वगळलेलं होतं. पण खाली बारीक अक्षरांत एक कामाची ओळ सापडली : ही हमी पहिलं वर्ष संपायच्या आत कधीही घेता येते. विक्रेत्याने मात्र 'आजच, फक्त आजच' म्हणून गळा काढला होता.

ठराव असा झाला. दरमहा ६५० रुपये वेगळ्या बचत खात्यात टाकायचे. अकरा महिन्यांत ७,१५० होतात. जन्मजात खोड असेल तर ती बहुधा तोवर कळेल, आणि ती दुरुस्ती मूळ हमीत फुकट होईल. मग बाराव्या महिन्यात संगणकाची चाल पाहून ठरवायचं. हमी घेतली नाही, तर तेच पैसे दुरुस्तीचा राखीव निधी.

"पण बाबा, मशीन दुरुस्त होईल," कन्या म्हणाली. "आतलं माझं प्रोजेक्ट गेलं तर?"

मुद्दा लाखमोलाचा होता. त्याच आठवड्यात एक बाहेरची हार्ड डिस्क आली, आणि दर रविवारी सगळ्या कामाची दुसरी प्रत काढायची असा नियम झाला.

राहिला प्रश्न चहाचा, जो कुठल्याच हमीत बसत नाही. तिथे सौ.ने स्वतःची योजना जाहीर केली आहे : संगणकाच्या टेबलावर कप दिसला, तर त्या दिवशी दुसरा चहा नाही. अट एका ओळीची, बारीक अक्षरं नाहीत, मुदत आजन्म, आणि वर जीएसटीही नाही.