पोरं मैदानात, पालक रेषेबाहेर

खो-खोत एक साधा नियम आहे. खो मिळालेला खेळाडू उठून एका बाजूला निघाला की खांब गाठेपर्यंत त्याला मागे फिरता येत नाही. फिरला तर फाऊल. धावक पाठीमागे निसटलाच, तर बसलेल्या साथीदाराला खो द्यायचा. पोरांना हे पक्कं ठाऊक असतं. तरी ऐन सामन्यात रेषेबाहेरून हाक येते, ‘अरे मागं वळ, मागं!’ पोरगं बापाचं ऐकतं, पंचाची शिट्टी वाजते आणि तोच बाप पोरावर डाफरतो.

पेडगाव परिसरातल्या पोरांना खो-खो शिकवताना हे मी नेहमी बघतो. परभणी-मनमाड लोहमार्गावरचं हे गाव, भोवती कापूस-सोयाबीनची काळी रानं. इथल्या पालकांना खेळाचं वावडं नाही. दहावीला वाढीव गुण, पुढे खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणातून नोकरी, नाहीतर पोलीस भरती, असा त्यांचा हिशेब असतो. शेती बेभरवशाची असताना तो चुकीचाही म्हणता येणार नाही. फक्त तो पोराच्या डोक्यावर फार लवकर बसतो. ‘खेळ कसा झाला?’ याआधी ‘सर्टिफिकेट मिळालं का?’ हा प्रश्न येतो. बारा वर्षांच्या पोराला त्यातून एकच कळतं, की हरलो तर घरचं नुकसान. मग ते सूर मारायला कचरतं.

कॅनडातले क्रीडामानसशास्त्रज्ञ जाँ कोते यांची मांडणी मला इथे पटते. साधारण बाराव्या वर्षापर्यंत मुलांनी मजेसाठी चार खेळ खेळावेत, तेरा ते पंधरामध्ये एकदोन निवडावेत आणि कसून सराव सोळाच्या पुढे करावा. आपल्याकडे पाचवीतल्या पोरासमोर ‘नॅशनल’ची भाषा सुरू होते. मग अति सरावाने वाढीच्या वयात गुडघ्याच्या वाटीखाली हाड दुखायला लागतं, तिथे टेंगूळ येतं. बाम चोळून पुन्हा मैदानात पाठवतात. त्या दुखण्याला बरेचदा विश्रांतीच लागते.

मुलींचा प्रश्न वेगळा. सातवी-आठवीनंतर त्या मैदानावरून गळायला लागतात, कारण सरावाच्या वेळीच घरात पाणी भरायचं असतं, भाकरी थापायच्या असतात, धाकट्याला सांभाळायचं असतं. परभणीच्या ज्योती गवतेनं 2017 साली मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिला क्रमांक काढला. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाची कर्णधार प्रियंका इंगळे मूळची बीड जिल्ह्यातली. गुणवत्ता मराठवाड्यात आहेच. संध्याकाळचे दोन तास लेकीच्या वाट्याचं काम घरातल्या दुसऱ्या कुणी, भावानेसुद्धा, उचललं, तर तो पाठिंबा महागड्या बुटांपेक्षा मोठा.

पाठिंबा कधी गप्प राहण्यातही असतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये नेमबाजीचं कांस्यपदक जिंकला. पेशाने शिक्षक असलेल्या त्याच्या वडिलांनी त्याला 2009 मध्ये राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत घातलं होतं. पदकानंतर त्यांनी सांगितलं, की आदल्या दिवशी आम्ही त्याला फोनसुद्धा केला नाही. त्याला खेळावर लक्ष देऊ दिलं. इतक्या वर्षांचा खर्च आणि काळजी सोसलेल्या बापाला त्या दिवशी गप्प राहणं किती जड गेलं असेल! पण पोराला तेव्हा तेच हवं होतं.

सामना हरून मोटारसायकलवर घरी परततानाची वाट सगळ्यात अवघड असते. पोरगं मागे बसलेलं, उतरून पळायची सोय नाही, आणि पुढून चुकांची उजळणी सुरू. चुका दाखवायला आम्ही आहोत. त्या दुसऱ्या दिवशी सरावात दाखवू. त्या वाटेवर ‘भूक लागली का?’ एवढंच विचारा.

तेव्हा पालकहो, पोरांच्या सामन्यांना जरूर या. येताना पाणी आणि डबा आणा. टाळ्या वाजवा, समोरच्या संघातल्या पोरालाही वाजवा. सूचना मात्र आमच्यावर सोडा.