काकांचं मीठ

बीपीच्या पेशंटची चिठ्ठी आमच्या लॅबमध्ये आली की तिच्यावर बहुधा तीन नावं असतात: क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियम. पेशंट या सगळ्याला मिळून ‘किडनीची टेस्ट’ म्हणतात. त्यांना धास्ती क्रिएटिनिनची. टेक्निशियन म्हणून मला जास्त सतावतं ते पोटॅशियम.

शरीरातलं सुमारे 98 टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असतं. रक्तात साधारण 3.5 ते 5 मिलिमोल प्रति लिटर, एवढंच. त्यामुळे शीर सापडेना म्हणून पट्टा करकचून बांधला, पेशंटने मूठ सारखी उघडझाप केली, की आकडा उगाच चढतो. रक्त जोरात ओढलं तर तांबड्या पेशी फुटतात आणि पिवळसर दिसायला हवं ते सीरम गुलाबी निघतं. असा रिपोर्ट द्यायचा नसतो. पुन्हा टोचायचं आणि पेशंटची बोलणी खायची.

गोळ्यांची तऱ्हा आणखी वेगळी. क्लोरथॅलिडोनसारखी लघवीची गोळी सोडियम-पोटॅशियम खाली आणते, युरिक अ‍ॅसिड वाढवते. टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल यांचा कल उलटा, पोटॅशियम वर नेण्याकडे. एका मे महिन्यात एका आजींचं सोडियम 118 आलं. लघवीची गोळी चालू, जेवण अळणी, वर उन्हाळा म्हणून तांब्यावर तांब्या पाणी. घरचे म्हणत होते, वय झालंय, म्हणून असंबद्ध बोलते. मी डॉक्टरांना फोन केला आणि आजी थेट अ‍ॅडमिट झाल्या. तिथे सोडियम हळूहळू वाढवतात. घाईने वाढवलं तर मेंदूला इजा होते. चार दिवसांनी त्या नातवाला नावाने हाक मारून रागावत होत्या म्हणे.

काकांची गोष्ट मात्र टेल्मिसार्टनची. रिटायर्ड माणूस, शुगरही आहे, पथ्याला पक्के. पोटॅशियम 6.1. सीरम स्वच्छ पिवळं, तरी मी त्यांना परत बोलावलं. या वेळी पट्टा सैल, मूठ मोकळी. काका कुरकुरले, “एवढं रक्त काढताय, विकता की काय?” रिपोर्ट 6.0. म्हणजे आकडा खरा होता. क्रिएटिनिन 1.7. पोटॅशियम इतकं चढलं तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात, म्हणून डॉक्टरांनी आधी ईसीजी काढायला लावला. तो ठीक निघाला.

खाण्यात काय बदललंय, असं विचारलं तर काका म्हणाले, काही नाही. सोबत आलेल्या सूनबाई म्हणाल्या, “ते बीपीचं मीठ आणलंय ना, बाबा.” मी पाकीट आणायला सांगितलं. पुढे मोठ्या अक्षरांत ‘लो सोडियम’, मागे बारीक अक्षरांत पोटॅशियम क्लोराइड. हे मीठ वाईट नव्हे. चीनच्या खेड्यांत सुमारे 21 हजार लोकांवर त्याचा अभ्यास झाला. 2021 मध्ये निकाल आला, पक्षाघाताचं प्रमाण कमी झालं होतं. पण गंभीर किडनीविकार असलेल्यांना त्या अभ्यासात घेतलंच नव्हतं. काकांची किडनी आधीच थकलेली, त्यात टेल्मिसार्टन पोटॅशियम बाहेर जाऊ देत नाही, आणि हे मीठ रोज आमटी-भाजीतून भर घालत होतं.

डॉक्टरांनी मीठ बंद केलं, गोळीचा डोस उतरवला. पुढच्या तपासणीत 4.9. काकांना आनंदापेक्षा हळहळच जास्त. साध्या मिठाच्या कितीतरी पट पैसे मोजले होते. पाकीट फेकलंत ना, मी विचारलं.

“फेकतोय कशाला? अर्धं शिल्लक होतं. धाकट्या बहिणीला दिलं.”

“आत्याबाईंना बीपी आहे?”

“आहे की. म्हणून तर दिलं,” काका म्हणाले. “आमच्या दोघांची गोळीसुद्धा एकच.”

मी त्यांच्याकडून तिचा फोन नंबर घेतला.